घूरन पंजीकारांचा लाल रुमाल

घूर म्हणजे उकिरडा. आधीची तीन मुलं पाळण्यातच गेली म्हणून चौथ्याला आईनं जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलून परत आणून दिलं आणि पोराचं नाव पडलं घूरन. हेतू एवढाच, की दृष्ट लागू नये. ती काही लागली नाही. घूरन झा एक्क्याऐंशी वर्षं जगले आणि गेल्या माघात गेले. ज्याच्या नावातच उकिरडा त्यानं आयुष्यभर मिथिलेतल्या भल्याभल्यांची कुळं सांभाळली, याची त्यांना स्वतःला फार मौज वाटायची. कोणी कुळाचा तोरा मिरवू लागला की ते आपलं नाव सांगत आणि पान चघळत गप्प बसत.

ते पंजीकार होते. आमच्याकडे लग्न ठरतं ते पंजीकारापुढे. मुलामुलीच्या बापाकडच्या सात पिढ्या आणि आईकडच्या पाच पिढ्या पोथीत तपासायच्या, कुठे दोघांचं रक्ताचं नातं निघत नाही ना ते पाहायचं, आणि मग ताडपत्रावर जुन्या तिरहुता लिपीत सिद्धांत, म्हणजे लग्नाला हरकत नसल्याचा दाखला, लिहून द्यायचा. सिद्धांत हाती पडला की मग पान-सुपारी, मग मुहूर्त, मग रुसवेफुगवे. हल्लीची पोरं फोनवरच लग्नं ठरवतात, सौराठच्या आमराईत भरणारी लग्नांची सभाही आता नावापुरती उरली आहे. तरी म्हातारी माणसं सिद्धांतावाचून अक्षता टाकायला तयार होत नाहीत. आमच्या नवटोलीच्या आसपासची पन्नासेक गावं घूरन झांच्या वाट्याची होती.

मी त्यांचा शेजारी. सदतीस वर्षं हायस्कुलात संस्कृत शिकवलं. त्यातून विद्यार्थ्यांना काय मिळालं ते त्यांनाच ठाऊक, मला रक्तदाब मिळाला. माझ्या आणि त्यांच्या अंगणात एक जांभळाचं झाड आणि चाळीस वर्षांचं भांडण सामाईक होतं. भांडण पोथ्यांवरून. मी म्हणायचो, तुमच्या या पोथ्यांनी माणसं कमी आणि गाठी जास्त बांधल्या. ते म्हणायचे, मास्टर, तुमच्या व्याकरणानं तरी कोणाचं पोट भरलं? मग त्यांच्या घरातून चहा यायचा.

माणूस भेटल्यावर बाकीचे लोक प्रकृती विचारतात, घूरन झा गाव विचारायचे. गाव कळलं की समोरच्याच्या आज्याचा आजा कोण, त्याच्या किती बायका, कोणती कुठून आणली, हे तिथेच उभ्या उभ्या सुरू व्हायचं. एकदा मधुबनीच्या बसमध्ये तिकिटावरून कंडक्टर अंगावर आला. यांनी त्याचं आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि तो यांच्या साडूच्या मावसभावाचा नातू कसा लागतो ते सगळ्या बसला समजावून सांगितलं. कंडक्टरनं पाया पडून त्यांना खिडकीची जागा दिली. हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. वयाच्या दहाव्या वर्षी बापानं पाठ करून घेतलं होतं, चुकलं की दुपारचा मासा बंद. आमच्या मुलखात पोराला याहून मोठी शिक्षा नाही.

दर वर्षी आश्विन सरला की ते छत्री आणि वही घेऊन निघायचे. गावोगाव फिरून कोणाकडे काय जन्मलं, कोण कुठे दिलं, ते टिपून आणायचे आणि मग महिनाभर पोथीत उतरवत बसायचे. पोथ्यांचे दोन गठ्ठे होते. पिवळ्या रुमालात मुख्य पंजी, ती कोणीही येऊन पाहावी. लाल रुमालातली पोथी वेगळी. तिला दूषण पंजी म्हणत. कुठल्या घराण्यात कोणी बाहेरची बाई आणली, कोण कोणाबरोबर राहिलं, कोणाच्या रक्तात काय मिसळलं, ते सारं तिच्यात. तिथे माणसांची वर्णनं नसत, एका शब्दात काम भागवलेलं असे. यवनी. तुरुष्की. किराती. म्लेच्छसंसर्ग. शब्द एकदा पडला की बाहेर कुणकुण लागायचीच, आणि त्या घराच्या पोरींना पुढच्या तीन-चार पिढ्या चांगलं स्थळ मिळायचं नाही. ती पोथी सोपवताना बापानं घूरन झांच्या हातावर पाणी सोडलं होतं आणि वदवून घेतलं होतं, की ही लिहायला उघडीन, वाचून दाखवायला उघडणार नाही. मी चाळीस वर्षांत तो रुमाल सुटलेला पाहिला नव्हता.

या शब्दांवरूनही आमची जुंपायची. वर्गात मला ते दरवर्षी शिकवावे लागत. आपल्या पूर्वजांनी परक्या माणसांना नावं ठेवण्यात काही कसूर केली नाही. डोंगरातला तो किरात, वरून घोड्यावर आला तो शक नाहीतर हूण, समुद्रापलीकडचा तो यवन, आणि काहीच उमजलं नाही तर सरसकट म्लेच्छ, म्हणजे ज्याचं बोलणं आपल्याला कळत नाही तो. यवन म्हणजे मुळात ग्रीक लोक. पुढे अरब आले, त्यांनाही तेच नाव. मग तुर्क आले, त्यांनाही. शेवटी शेजारच्या वस्तीतला मुसलमान विणकरसुद्धा यवन झाला, ज्याच्या आज्यापणज्यांनी कमला नदीपलीकडचं काही पाहिलेलं नाही. मी हे चिडून सांगितलं की घूरन झा म्हणत, "थोरल्याचा सदरा धाकट्याला होतोच, मास्टर. त्यात सदऱ्याचा काय दोष?" मी म्हणायचो, दोष शिंप्याचा आहे. मग ते हसायचे आणि लाल रुमालाकडे पाहायचे नाहीत.

हे सगळं सांगायचं कारण हितनाथची मुलगी.

हितनाथ झा आमच्याच गावचा. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी जहाजावर विजेच्या कामाला लागला आणि ग्रीसमधल्या एका बेटावरच्या डेस्पिना नावाच्या मुलीशी लग्न करून तिकडेच राहिला. गावानं तोंडात बोटं घातली, मग काढली, मग त्याला विसरून गेलं. डेस्पिना तीन वर्षांपूर्वी आजारात वारली. मागे एकच मुलगी, इरिनी, सव्वीस वर्षांची, दातांची डॉक्टर. आमच्या पलीकडच्या आळीतला शुभंकर मिश्र तिकडे नोकरीला गेला तेव्हा हितनाथनं गाववाला म्हणून त्याला जेवायला बोलावलं. पुढे जेवणं वाढत गेली. वैशाखात तिघं गावात उतरली ती लग्न ठरवूनच.

अडलं ते तारिणी दाईंपाशी. तारिणी दाई शुभंकरची आजी, दाई म्हणजे आमच्याकडे आजीच; घूरन झा त्यांना भौजी, म्हणजे वहिनी म्हणायचे. त्याची आई बाळंतपणातच गेली, पोर या बाईनं वाढवलं. अष्ट्याहत्तर वर्षांची, वाळून कोळ झालेली, पण आवाज असा की तळ्यापलीकडची म्हैस वळावी. शुभंकरनं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, की दाईच्या हातून चुमाओन झालं, म्हणजे तिनं ओवाळून आशीर्वाद दिला, तिनं दूर्वा-अक्षता टाकल्या, तरच लग्न, नाहीतर नाही. तो हट्ट नव्हता, त्याला खरंच ते जमलं नसतं. आणि तारिणी दाईंनी नाही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, सिद्धांत आणा, मग बघू. बाई हुशार. ज्या मुलीची आई समुद्रापारची तिचा सिद्धांत घूरन झा जन्मात लिहिणार नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे नकार पंजीकाराचा, आजी मात्र नातवाच्या डोळ्यांत गोड.

हितनाथ त्याच संध्याकाळी घूरन झांकडे आला. मी तिथेच होतो. तिकडच्या मिठाईचा डबा पुढे सरकवून त्यानं हळूच वाट सुचवली. आईच्या जागी नेपाळातल्या जनकपूरकडचं एखादं ब्राह्मण घर लिहावं, डेस्पिनाच्या जागी दमयंती लिहावं. सीमेपलीकडचं कोण तपासायला बसलंय?

"मी," घूरन झा म्हणाले.

डबा त्यांनी परत केला नाही, ती मिठाई आम्ही दोघांनी आठ दिवस पुरवून खाल्ली. पण खोटं लिहिणार नाही म्हणाले ते म्हणालेच. हितनाथ खाली मान घालून गेला. मला त्यांचा राग आला. एवढं खरं कशाला कवटाळायचं, असं मी बोलूनही दाखवलं. त्यावर ते म्हणाले, की पोथीत एक खोटं शिरलं की बाकीच्या सगळ्या खऱ्यांची किंमत जाते, आणि माझ्याकडे पोथीशिवाय दुसरं आहे काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी इरिनी एकटीच आली. कोणी पाठवली नव्हती. पायांतल्या वहाणा बाहेर काढल्या, पदर नव्हता म्हणून ओढणी डोक्यावर घेतली आणि घूरन झांच्या पायांना हात लावला. तिची मैथिली बापाकडून शिकलेली, म्हणजे तीस वर्षांपूर्वीची. आमची पोरं हिंदीचा रस्सा करून जे बोलतात तसलं काही नाही. आता बाजारातही ऐकू न येणारे जुने शब्द तिच्या तोंडात होते. बोलणं कळत नाही तो म्लेच्छ, असं सदतीस वर्षं शिकवणारा मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"कक्का, बाबूजी म्हणाले तुम्ही लिहिणार नाही," ती म्हणाली. "तुम्हाला काय कमी पडतंय ते मला सांगा."

घूरन झांना हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता. लोक एकतर रडायचे नाहीतर काहीतरी पुढे सरकवायचे. ते तंबाखूला चुना लावून मळू लागले. मग म्हणाले, की बापाकडच्या सात पिढ्या माझ्याकडे आहेत, आईकडच्या पाच नाहीत. नावंच नाहीत तर लिहू काय? आणि कुळाला मूळ लागतं, म्हणजे पहिला माणूस ज्या गावचा ते गाव.

"नावं मिळाली तर लिहाल?"

"मिळाली तर तपासीन. तपासून ठीक निघालं तर लिहीन."

मला वाटलं, म्हातारा वेळ मारून नेतोय. मागाहून कळलं की तसं नव्हतं. त्यांना मनापासून अडचण तीच होती, नावांची. ते सुधारक वगैरे नव्हते, कारागीर होते. माप मिळालं तर काम करणारे.

तिनं तिथेच ओसरीवर बसून तिच्या आजीला फोन लावला. पडद्यावर एक म्हातारी आली, काळा रुमाल बांधलेली, नाक थेट तारिणी दाईंचं. इरिनी विचारत होती, म्हातारी सांगत होती, आणि घूरन झा वही मांडीवर घेऊन उतरवत होते. आई डेस्पिना. तिची आई इरिनी, म्हणजे फोनवरची हीच. तिची आई डेस्पिना. तिची आई इरिनी. इथे घूरन झांनी लेखणी खाली ठेवली. दोनच नावं उलटसुलट करून मला फसवता काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तेव्हा मुलीनं सांगितलं, की तिकडे नातीला आजीचं नाव द्यायची रीत आहे, म्हणजे नाव घरातून जात नाही.

घूरन झांनी चारही नावं पुन्हा एकदा वाचली. मग मला म्हणाले, "मास्टर, आपल्या पोथीत सात पिढ्यांत एका बाईचं नाव सापडायचं नाही. अमक्याची मुलगी, तमक्याची बायको. आणि हिच्याकडे उतरंड लागली आहे नुसती." नवऱ्यांची नावं विचारली तेव्हा मात्र ती म्हातारी अडखळू लागली. एकाबद्दल तर म्हणाली, फार दारू प्यायचा, नाव कशाला हवंय?

पाचवं नाव तिलाही आठवेना. तिनं गावच्या पाद्रीबाबाकडून जुनी वही उघडवली, त्याला तीन दिवस लागले. नाव निघालं फोतिनी, त्या जुन्या डेस्पिनाला तेवढं बापाच्या आईचं नाव मिळालं होतं. गाव खोरा. तिसऱ्या दिवशीच्या त्या फोनवर म्हातारीनंही एक प्रश्न विचारला. इरिनी हसायला लागली, सांगेना. घूरन झांनी आग्रह केला तेव्हा म्हणाली, "याया, म्हणजे माझी आजी, विचारते आहे, तुम्ही माझ्या एवढ्या चौकशा केल्या, पण मुलाकडची माणसं कोण? बर्बर तर नाहीत ना?"

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बर्बर हा शब्द आपल्याही ग्रंथांत आहे, परक्यांसाठीच. ते लोक आम्हाला बर्बर म्हणत आणि आम्ही त्यांना यवन, आणि दोघंही आपापल्या ओसरीवर बसून स्वतःला शहाणे समजत होते. मी हे घूरन झांना भरभरून समजावू लागलो, पण त्यांनी मला हातानंच थांबवलं. ते अपमान झाल्यासारखे ताठ बसले होते. "तिला सांग," ते म्हणाले, "आम्ही रोज मासे खातो." इरिनीनं सांगितलं. पलीकडून म्हातारीनं मान डोलावली, तिची खात्री पटली.

ज्येष्ठातल्या एका सकाळी तारिणी दाईंच्या दालानात बैठक बसली. आळीतली पाच-सहा वडीलधारी माणसं, हितनाथ, शुभंकर, मी. तारिणी दाई आतल्या दाराच्या उंबऱ्यापाशी पाटावर. इरिनी खांबाला टेकून उभी. पानांचं तबक मधे. घूरन झा डोक्यावर पाग, म्हणजे आमच्याकडची मानाची टोपी, घालून आले, आणि त्यांच्या काखेत दोन्ही गठ्ठे होते, पिवळा आणि लाल. मला वाटलं, आता या मुलीच्या तोंडावर तो शब्द लिहून मोकळे होतील आणि खरं लिहिलं म्हणून घरी जाऊन शांत झोपतील.

त्यांनी आधी पिवळा सोडला. सात पिढ्या वाचल्या, पाच वाचल्या. खोरा मूळ म्हणून वाचलं, डेस्पिना, इरिनी, डेस्पिना, इरिनी, फोतिनी एका दमात वाचलं. एक म्हातारबाबा खाकरले. मग घूरन झा म्हणाले, की सिद्धांत म्हणजे तरी काय? या दोघांचं एकमेकांशी रक्ताचं नातं नाही, एवढंच पंजीकार सांगतो. कुळ उच्च की नीच, हे त्यात माणसांनी मागाहून घुसडलं. माझ्या हयातीत मी शेकडो सिद्धांत लिहिले, प्रत्येक वेळी मनात धाकधूक, की कुठेतरी एखादी आत्या-मावशी आडवी यायची. हा पहिलाच असा लिहितोय ज्यात तिळमात्र शंका नाही. मुलगी बाहेरची आहे, हीच तिची पात्रता.

हितनाथचा चेहरा उजळला. मला म्हाताऱ्याला मिठी मारावीशी वाटली, पण तशी पद्धत नाही आमच्यात.

तारिणी दाई मात्र हलल्या नाहीत. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पिवळ्यात लिहिलंस. मी काही अडाणी नाही, घूरन. लाल रुमालात काय लिहिणार ते सांग. आज तू सिद्धांत देशील, मी अक्षता टाकीन, पोर खूश. उद्या हिला मुलगी होईल. तिच्या लग्नाला कोणी ती लाल पोथी उघडली की त्यात निघेल म्लेच्छी. माझी पणती दारात बसून राहील. मग मी नसेन, तू नसशील, तो शब्द असेल. असलं लग्न मी लावून देऊ?"

आणि खरं सांगतो, मी त्यांना खडूस म्हातारी समजत होतो. त्यांना भीती कसली वाटते ते मी विचारलंच नव्हतं. इरिनीनं खांब सोडला आणि ती खाली बसली. शुभंकर जमिनीकडे बघत होता.

घूरन झांनी लाल गठ्ठा पुढे ओढला आणि गाठ सोडू लागले. जुनी गाठ, वेळ लागला. "पंजीकार," एक जण म्हणाला, "ती वाचायची नसते." ते म्हणाले, "ठाऊक आहे. बापाच्या हाताचं पाणी आहे माझ्या हातावर." त्यांनी पानं उलटली, एक पान काढलं, डोळ्यांजवळ धरलं आणि एक ओळ वाचली. एका पुरुषाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, मूळ, आणि पुढे एकच शब्द. यवनी.

"हे कोणाचं घर?" तारिणी दाईंनी विचारलं.

"माझं."

मघाशी खाकरलेल्या म्हातारबाबांनी तोंडाकडे नेलेलं पान खाली ठेवलं.

"माझ्या वरची सहावी पिढी," घूरन झा सांगू लागले. "त्यांनी बाहेरची बायको केली. दरभंग्याकडची म्हणतात, विणकराची होती की सरदाराची, देव जाणे. त्या वेळी पोथी त्यांच्या थोरल्या भावाकडे होती. त्यानं आपल्या सख्ख्या भावजयीबद्दल हे लिहून ठेवलं. पुढे तो निपुत्रिक वारला आणि पोथी आली तिच्याच मुलाकडे. पान फाडायला काय लागत होतं, भौजी? त्यानं फाडलं नाही. माझ्या बापानं नाही, मीही नाही. फक्त रुमाल बांधून ठेवला. म्हणजे गेल्या दीडशे वर्षांत या गावात जे जे सिद्धांत लिहिले गेले ते त्या बाईच्या लेकरांच्या हातचे. तुमचाही. माझ्या बापानं लिहिला होता. तुम्ही तेराव्या वर्षी या घरात आलात, इथे सासू नव्हती, माझ्या आईनं तुम्हाला मासा रांधायला शिकवलं. पासष्ट वर्षं आमच्या घरचं पाणी प्यालात. आता तुम्हीच सांगा, त्यातलं बाटलेलं काय होतं?"

दोघा म्हाताऱ्यांनी तिथल्या तिथे पानाचं तबक बाजूला सारलं आणि चपला घातल्या. त्या वर्षी पाच घरांनी सिद्धांतासाठी दुसऱ्या गावचा पंजीकार गाठला, आणि घूरन झांना ते लागलं. नाही लागलं असं ते म्हणत, पण आश्विन सरल्यावर छत्री काढताना त्यांची लगबग पूर्वीची राहिली नव्हती. मी शेजारी होतो, मला दिसत होतं.

पण ते पुढचं. त्या सकाळी सगळे तारिणी दाईंकडे बघत होते. त्यांनी मला वाटलं होतं तसा आकांत केला नाही. ऊठ, चालता हो, असंही म्हणाल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं ते माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

"नाव काय होतं तिचं?"

"नाव लिहिलेलं नाही," घूरन झा म्हणाले. "हा शब्दच आहे. मी तरुणपणी फार शोधलं. सगळ्या पोथ्या चाळल्या, दरभंग्याला जाऊन आलो. कुठे नाही."

"मुलं किती झाली तिला?"

"पाच. त्या पाचांची नावं आहेत."

"पाच मुलं," तारिणी दाई म्हणाल्या. "रांधलं असेल, वाढलं असेल. दुखणीखुपणी काढली असतील. आणि नाव नाही."

त्यांनी इरिनीकडे पाहिलं, म्हणाल्या, इकडे ये गं. ती गेली. तिला त्यांनी शेजारी पाटावर बसवलं, अर्धा पाट दिला. मग घूरन झांना म्हणाल्या, की हिचं लाल रुमालात काही लिहायचं नाही. हिचं नाव आहे, आईचं आहे, आजीचं आहे, ते पिवळ्यात आलं, संपलं. उद्या कोणी विचारलं तर तारिणीनं सांगितलं म्हणून सांग. घूरन झांनी मान हलवली आणि ते पान परत गठ्ठ्यात सरकवू लागले.

"थांब. ते कुठे ठेवतोस? लेखणी उघडी आहे ना? तिचंही लिही."

"काय लिहू, भौजी? पोथीत खोडायचं नसतं. आणि नाव मला ठाऊकच नाही म्हटलं ना."

"खोडू नकोस. वर जागा असेल की," तारिणी दाई म्हणाल्या. "तुझी कोण ती?"

"सहाव्या पिढीची..."

"कितव्या का असेना. आजीच ना तुझी? मग आजी लिही."

घूरन झांनी चष्मा काढला. तो पुसायला त्यांना पाग उतरवावा लागला, कारण धोतराचा सोगा हाताला सापडेना. ऐंशीच्या घरातला माणूस आम्हा सगळ्यांसमोर रडत होता आणि कोणी नजर वळवली नाही. मग त्यांनी चष्मा लावला, पान गुडघ्यावर घेतलं आणि त्या शब्दाच्या वर होती तेवढ्या जागेत बारीक अक्षरांत लिहिलं.